माउलींना घरी पोचवताना

आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो आणि दुपारपासूनच पंढरपूर ओसरू लागतं. काल्याचा प्रसाद हातावर पडला की पाय एसटी स्टँडकडे वळतात. चार दिवसांपूर्वी वाळवंटात पाऊल ठेवायला जागा नव्हती. आता तिथं ओल्या धोतरांच्या पिळांचे ठसे आणि तुळशीच्या काड्या उरलेल्या असतात. या घाईला कारण आहे. कुणी पेरणी अर्धवट टाकून आलेलं असतं, कुणाच्या मागे दुबार पेरणीची टांगती तलवार असते, कुणाची कोळपणी खोळंबलेली असते. तण वारकऱ्यासाठी थांबत नाही. एसटीत, रेल्वेत, ट्रकच्या हौद्यात बसून लाखो माणसं एका-दोन दिवसांत आपापल्या शिवारात पोचतात, आणि पालखी वर्तमानपत्रांच्या पानांवरूनही नाहीशी होते.

माउलींच्या, म्हणजे ज्ञानदेवांच्या, पादुका मात्र पंढरपुरात राहायला आलेल्या नसतात. आळंदीहून त्या निघाल्या, तशा त्या आळंदीला परत न्यायच्या असतात. त्याच रस्त्यानं, चालत. जाताना सासवडला दोन रात्री, मग जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, असं थांबत थांबत, रिंगणं करत, नीरेत स्नान घालत जायचं. येताना टप्पे लांब आणि मुक्काम मोजके. वेळापूर, नातेपुते, फलटण, पाडेगाव, वाल्हे, सासवड, हडपसर, पुणे, आणि वद्य दशमीला आळंदी. ही परतवारी. मानकरी आणि चोपदार तिच्यात असतात, काही थोड्या दिंड्या असतात, आणि असे काही म्हातारे-म्हाताऱ्या असतात की ज्यांनी फार वर्षांपूर्वी कधीतरी मनाशी ठरवून टाकलेलं असतं, पोचवायला गेलो तर आणायलाही आपणच.

मी त्यांच्यासोबत सासवड ते हडपसर चालले. जाताना ज्या टप्प्यावर सगळ्या महाराष्ट्राचे डोळे लागलेले असतात तोच हा टप्पा, फक्त उलट्या दिशेनं. दिवे घाट चढायचा नव्हता, उतरायचा होता.

आदल्या संध्याकाळी सोपानकाकांच्या समाधीवर जाऊन आले होते. ज्ञानदेवांनी आळंदीत समाधी घेतली ती 1296 साली, कार्तिक वद्य त्रयोदशीला. धाकट्या सोपानदेवांनी सासवडला समाधी घेतली ती त्यानंतर महिन्याभरातच, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला. आईबापांच्या मागे जगाच्या बोलण्याचा मार खात वाढलेली ही भावंडं. त्यातला मोठा भाऊ वर्षातून दोनदा धाकट्याच्या गावावरून जातो. जाताना सासवड इतकं गजबजलेलं असतं की हे कुणाच्या मनात यायलाही उसंत नसते. परतीच्या संध्याकाळी मंदिराच्या दगडी फरसबंदीवर पाच-सहा बायका पाय पसरून बसल्या होत्या, एकजण दुसरीच्या पोटऱ्यांना तेल चोळत होती, आणि त्यांच्या बोलण्यात ज्ञानोबा-सोपान असे येत होते, जसे घरातले दीर-भावजी येतात. मोठ्यानं धाकट्याला विचारलं असेल का, तुझ्याकडे पाऊस कसा आहे, असं त्यातली एक म्हणाली, आणि दुसरीनं अगदी मनापासून उत्तर दिलं की विचारलंच असणार, कऱ्हेला पाणी किती कमी आहे बघ की.

पहाटे काकडा झाला आणि उजाडायच्या आत आम्ही सासवडच्या बाहेर पडलो. जाताना या रस्त्यावरची वाहनं पोलीस बंद करतात. पाण्याचे टँकर, फिरती शौचालयं, रुग्णवाहिका, आकाशात घिरट्या घालणारे ड्रोन, सगळा सरंजाम असतो, आणि तो हवाच. एवढ्या माणसांची काळजी घेणं हे सरकारचं कामच आहे. येताना रस्ता रस्त्यासारखा चालू असतो. कंटेनर, दुधाच्या गाड्या, सिमेंटचे मिक्सर, कामाला निघालेल्या मोटारसायकली अंगाजवळून जातात. आपण कडेच्या पांढऱ्या पट्ट्याच्या बाहेर, एकामागं एक. पताका पावसानं काठीला चिकटलेली. टाळ मात्र चालू असतात. मोठ्या जमावात टाळांचा एकच गजर होतो, त्यात आपला आवाज कुठला हे कळत नाही. इथं प्रत्येक टाळ वेगळा ऐकू येतो. पुढच्या काकांचा टाळ जरा बसका आहे, मागच्या पोराचा खणखणीत आहे, एक जोडी नेहमी अर्ध्या मात्रेनं मागं राहते. दहा-पंधरा टाळांत भजन म्हणायचं तर कुणालाच लपता येत नाही. प्रत्येकाला म्हणावंच लागतं, आणि मला वाटतं वारीत मी भजन खरं म्हटलं ते त्या सकाळी.

जाताना रथापुढे 27 दिंड्या आणि मागे कितीतरी. प्रत्येकीला क्रमांक, प्रत्येकीची जागा ठरलेली. ही शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी घालून दिलेली. सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, शिंद्यांच्या पदरी राहिलेले हे सरदार आळंदीला आले आणि माउलींचेच होऊन राहिले. त्याआधी तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी 1685 मध्ये पालखी सुरू केली होती, ती ज्ञानोबा आणि तुकोबा दोघांची एकत्र. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबांनी माउलींचा स्वतंत्र सोहळा उभा केला. लष्करी माणसाच्या डोक्यातून निघालेली आखणी त्यात अजून दिसते. समाजआरतीला चोपदारानं दंड उंचावला की लाखाचा जमाव क्षणात गप्प होतो; एखाद्या दिंडीचं गाऱ्हाणं असेल तर ती तेवढी टाळ वाजवतच राहते, आणि चोपदार तिच्यापर्यंत जाऊन ते ऐकून घेतात. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात. मला ही जगातल्या सगळ्यात सुंदर व्यवस्थांपैकी एक वाटते. परतवारीत हरवायला गर्दीच नसते. कुणाची चप्पल तुटली की ते सगळ्यांना माहीत असतं.

जेवणाची पंगतही एक. इरावती कर्वे यांनी ‘परिपूर्ती’मधल्या ‘वाटचाल’ या लेखात दिंड्यांमधल्या जातीजातींच्या वेगळ्या पंगतींचं दुःख लिहून ठेवलं आहे. देवाच्या वाटेवर एकत्र चालणारी माणसं जेवायला मात्र वेगळी बसतात, हे त्यांना सलत राहिलं. तेव्हापासून पुष्कळ बदललं, सगळं बदललं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण त्या सकाळी झेंडेवाडीच्या अलीकडे एका शेडखाली आम्ही बसलो तेव्हा एकच पातेलं होतं, एकच पळी होती, आणि पिठल्यात मीठ कमी झालंय हे सगळ्यांनी एकदमच सांगितलं. त्या जागी इरावतीबाई असत्या तर, असं माझ्या मनात येऊन गेलं.

माझ्याबरोबर चालणाऱ्या एक आजी परभणीकडच्या. नवऱ्यामागे चार एकर कोरडवाहू त्यांनीच सांभाळलं. डोक्यावर तुळस, काखेत पडशी, अंगावर मेणकापड. परतवारी का करता, असं मी त्यांना विचारलं. त्या बराच वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “बाई, माहेराहून निघाल्यावर लेकीला कुणी वाटेत एकटं सोडतं का? वेशीपर्यंत तरी कुणी येतंच की.”

पंढरी हे माहेर, हे संतांनी इतक्या वेळा सांगितलं आहे की आपण ते वाचून पुढे जातो. माहेरी जाण्याचा आनंद सगळ्या अभंगांत आहे. पण माहेराहून परत निघण्याचं काय? ज्या बायकांनी हे अभंग जात्यावर बसून ओव्यांत मिसळून टाकले त्यांना त्या वाटेचा अर्थ पुरुषांपेक्षा नीट ठाऊक होता. जाताना पाय पुढे धावतात, येताना डोळे मागे राहतात. ओटीतले तांदूळ, आईनं बांधून दिलेलं काहीतरी, आणि पुढे सासरचं दार, जिथं कामं वाढूनच बसलेली आहेत. आजींच्या बोलण्यात मात्र हुरहूर नव्हती. माउली म्हणजे लेकुरवाळी लेक, ती माहेरी जाऊन आली, आता तिला सुखरूप घरी नेऊन सोडायचं, हे काम. त्यांच्या चालण्यात त्या कामाची लगबग होती.

जेवण उरकून थोडंसं चाललो आणि झेंडेवाडीजवळ घाटमाथा आला. तिथं वारा कायमच असतो. त्या दिवशी तो पावसाचे बारीक थेंब आडवे मारत होता. कडेला एका बाईनं सीताफळांची पाटी मांडली होती. पुरंदरचं सीताफळ आणि अंजीर. या माळरानावर पाऊस जेमतेम, पण फळांना गोडी भारी. तिनं न मागता आजींच्या पडशीत दोन फळं टाकली आणि पैसे घ्यायला तयार झाली नाही. “जाताना देता आलं नाही,” म्हणाली, “गर्दीत माझी पाटीच दिसत नव्हती.” म्हणजे तिनं ती फळं मनात जवळजवळ चार आठवडे बाजूला ठेवली होती.

मग खाली उतरणं. दिवे घाटाचं ते छायाचित्र आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे: नागमोडी रस्ता, त्यात कडेपासून कडेपर्यंत पांढऱ्या टोप्या, भगव्या पताका, आणि मध्ये रथ. बहुधा त्या दिवशी एकादशी असते. उपाशी पोटी, शेंगदाणे-केळ्यांवर, पुण्यापासून तीस-बत्तीस किलोमीटर चालायचं आणि त्यात हा चढ. रथाला गावोगावच्या जादा बैलजोड्या लागतात, बैलांच्या मालकांना तो मान वाटतो, चढाच्या वळणांवर आरोळ्या उठतात. त्या चढात एक नशा आहे. मागून ढकलणारी लाखो माणसं असतात, तुम्ही चढत नाही, चढवले जाता.

उतरताना बैलांचं काम वेगळं. ओढायचं नसतं, आवरायचं असतं. गाडा मागून अंगावर येतो, जू मानेवरून पुढे सरकतं, आणि ते अंग मागं टाकून, खूर रोवून, एकेक पाऊल देतात. माणसांचंही तेच. चढताना छाती भरून येते. उतरताना सगळा भार गुडघ्यांवर आणि पायाच्या बोटांवर येतो. अंगठ्याचं नख चपलेच्या पट्ट्याला घासत राहतं. घाट काही किलोमीटरचाच, पण कुणी बोलत नव्हतं, फक्त वीणा वाजत होती. विणेकरी पुढे होते, पन्नाशीचे असतील, एक हात तारेवर, नजर रस्त्यावर. वीणा खाली ठेवायची नसते. थकलं तर दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची. उताराच्या मध्यावर ती एका कॉलेजातल्या पोराच्या गळ्यात गेली आणि त्यानं ती किती जपून घेतली ते मी पाहिलं.

डोंगर एका बाजूनं कापलेला होता. पालखी मार्गाचं रुंदीकरण. 2021 च्या नोव्हेंबरात या मार्गाच्या कामाचं भूमिपूजन झालं, तेव्हापासून रस्ता जागोजाग बदलतो आहे. चालणाऱ्यांसाठी कडेला वेगळी वाट असावी, झाडं लागावीत, असं त्या आराखड्यात आहे आणि ते व्हावं असं मला फार वाटतं. कारण कापलेल्या कातळाखालून, धुळीच्या चिखलातून आजींना चालताना पाहिलं, तेव्हा कळलं की रस्ता रुंद होणं आणि चालणाऱ्याला जागा मिळणं ही दोन वेगळी कामं आहेत. एका वळणावर एक ट्रक थांबला. ड्रायव्हरनं गाडी डोंगराच्या बाजूला घेतली, मागच्या सगळ्या गाड्या अडल्या, हॉर्न वाजू लागले, आणि तो खिडकीतून हात जोडून बसून राहिला, रथ पूर्ण पुढे जाईपर्यंत.

खाली मस्तानी तलाव दिसतो. पेशव्यांच्या काळातला हा तलाव पावसाळ्यात भरत आला की मातकट-हिरवा दिसतो. त्याच्या पलीकडे वडकी, आणि वडकीच्या पलीकडे, ढगांच्या खाली, पुण्याच्या इमारती. चढताना पाठीशी असलेलं शहर उतरताना समोर उभं राहतं. हा घाट रिकामाही राहिला आहे. 2020 साली करोनामुळे पायी सोहळा झाला नाही, माउलींच्या पादुका फुलांनी सजवलेल्या एसटीतून दशमीला पंढरपूरला नेल्या. त्या पावसाळ्यात घाटात कुणीच नव्हतं. पण पादुका गेल्या, आणि परतही आल्या. वारकऱ्यांपैकी कुणालाच चालत जाता आलं नाही, तरी नेणं आणि आणणं या दोन्ही गोष्टी झाल्याच पाहिजेत, हे कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही.

पूर्वी माणूस काशीला निघायचा तो निरवानिरव करून. शेतवाडी पोरांच्या नावे, देणंघेणं मिटवून, परत येऊ की नाही ठाऊक नाही अशा तयारीनं. पंढरीची वाट तशी कधीच नव्हती. वारकरी पंथ संसार सोडायला सांगत नाही. गळ्यात माळ घातली की एकादशी धरायची, मांस खायचं नाही, वर्षाची वारी चुकवायची नाही. बाकी नांगर, तराजू, चाक, वस्तरा, सगळं होतं तसं. सावता माळ्यानं मळ्यातच देव पाहिला, गोरोबांनी चिखल तुडवता तुडवता. अशा पंथात परतीला निम्मं मोल असायला हवं. देवापाशी जाऊन आलेल्या माणसाला पुन्हा आपल्या चुलीपाशी, आपल्या भांडणांपाशी, आपल्या कर्जापाशी पोचायचं असतं, आणि तिथं त्याचं चालणं कसाला लागतं. परतवारीत जो चालतो तो हे नऊ-दहा दिवस, उतरत्या पायांनी, सावकाश करत आणतो. एसटीनं गेलेल्यांना ते एका रात्रीत करावं लागतं. दोघांचंही कठीण आहे. मला फक्त असं वाटतं की सावकाश येणाऱ्याला आपण काय घेऊन चाललोय ते निरखायला वेळ मिळतो.

वडकीच्या नाल्यावर चहा झाला. पुढचा रस्ता सुंदर नाही. कापडाच्या घाऊक दुकानांच्या काचेच्या इमारती, साड्यांच्या जाहिराती, गोदामं. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या बाजूला वारा फिरला की कचऱ्याचा दर्प येतो. पुणे शहरानं कित्येक वर्षं आपला कचरा इथं आणून टाकला, गावांनी त्याविरुद्ध पुन्हा पुन्हा आंदोलनं केली. जाताना भजनाच्या भरात हा दर्प मागे पडतो. येताना, थकलेल्या अंगानं, तो नाकात बसतो. भेकराईनगरच्या बाजूला रस्त्याकडेच्या घरांतून बायका तांबे घेऊन बाहेर आल्या, पायांवर पाणी घातलं. एका लहान मुलीनं आईला विचारलं, पालखी तर गेली ना? आई म्हणाली, आता घरी चाललीये. मुलीला ते लगेच पटलं.

हडपसरला गाडीतळापाशी दोन रस्ते होतात. जाताना इथंच ज्ञानोबा आणि तुकोबांच्या पालख्या वेगळ्या होतात. एक सासवडकडे, एक सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोरकडे. उड्डाणपुलाखाली सहा आसनी रिक्षा, पीएमपी बस, भाजीवाले, ऑफिसं सुटण्याची वेळ. टाळांचा आवाज त्यात बुडतो, पुन्हा वर येतो. मुक्कामाच्या जागेपर्यंत थोडंच अंतर उरलं होतं. मला चार पावलं चालणंही जड झालं होतं. तेवढ्यात आजींना कोणीतरी हाक मारली.

नातू होता. मगरपट्ट्यातल्या कुठल्याशा कंपनीत कामाला, गळ्यात ओळखपत्र, मोटारसायकल कडेला लावून तो गर्दीतून आडवा आला. वाकून पाया पडला. “आज्जी, बस झालं आता,” म्हणाला. “खोली इथंच आहे, दहा मिनिटांवर. गरम पाणी आहे. रविवारी मी तुला गाडीत बसवून देतो परभणीच्या.”

आजींनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला. “लेकरा, माउलीला अर्ध्या वाटंत सोडू का मी?”

“अगं पण अर्धी वाट कुठं, आता पुणं आणि मग आळंदी, एवढंच राहिलंय.”

“मग एवढ्यासाठी कशाला सोडू?”

त्याच्याकडे याला उत्तर नव्हतं. त्यानं त्यांच्या काखेतली पडशी काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि आमच्या बरोबरीनं चालू लागला. आजी चालता चालता त्याला कामं सांगत होत्या. दशमीला आळंदीत ये, महाद्वारात, हैबतबाबांच्या पायरीपाशी मी सापडेन. येताना गुडघ्याला लावायचं मलम आण, ते हिरव्या डबीतलं. ही दोन सीताफळं घेऊन जा, अजून दोन दिवसांनी पिकतील. आणि आत्ताच्या आत्ता आईला फोन लाव, कोळपणी उरकून घ्या म्हणावं, माझ्यासाठी खोळंबू नका.

पोरानं फोन लावला. तिकडून बहुधा आई विचारत होती, सासूबाई कशा आहेत, कारण तो म्हणाला, “ठीक आहे. चालतीये. हो, अजून चालतीये.” आणि मग फोन आजींच्या कानाला लावून त्यांच्या वेगाशी पाय जुळवत राहिला.